वंशावळीत नसलेल्या बायका

अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आहे आणि वंशावळ हा त्यातला माझा विशेष प्रांत. शिक्षणाने मी नववी. परंतु कचेरीच्या कुंपणाला लागून असलेल्या आमच्या रांगेत, ज्याचा मसुदा 'त्रुटी पूर्ण करून सादर करावा' या शेऱ्यासह परत येत नाही असा अर्जनवीस कोण, असे विचारल्यास लोक माझ्या टेबलाकडे बोट दाखवतात. 'सबब' हा शब्द कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हे मी नव्या वकिलांनाही सांगितलेले आहे. ही आत्मस्तुती नव्हे. पुढे जे घडले त्याने माझ्या ज्या समजुती मुळासकट हलल्या, त्या किती पक्क्या होत्या हे वाचणाऱ्यास आधीच ठाऊक असावे, एवढाच हेतू.

माझ्या धाकट्या बहिणीला अंडाशयाचा कॅन्सर झाला. हा शब्द मी प्रथम डॉक्टरांच्या तोंडून ऐकला. आमच्या घरात बाईच्या पोटातल्या सर्व अवयवांना मिळून 'पिशवी' असा एकच शब्द होता, आणि तोही बायकांनी आपापसांत, स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात वापरायचा. त्यामुळे डॉक्टर 'अंडाशय' म्हणाले तेव्हा मी त्यांना अडवून विचारले, "साहेब, आपण माणसाबद्दलच बोलताय ना?"

"हो," डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाले, "कोंबड्यांचा विभाग दुसरीकडे आहे."

बहीण खाटेवर पडल्या पडल्या हसली. "दादा, तू गप्प बस बरं. इथं तुझा अर्ज चालायचा नाही."

तिचे ऑपरेशन झाले. काढलेल्या गाठीचा तुकडा आणि थोडे रक्त संशोधनासाठी देण्यास तिने संमती दिली होती. मी त्या वेळी हरकत घेतली होती, पण तिने माझे ऐकले नाही. काही आठवड्यांनी त्याच रुग्णालयाच्या मागच्या इमारतीतून मला बोलावणे आले. बोलावणारी बाई स्त्रियांच्या कॅन्सरवर संशोधन करणारी होती. पस्तिशीची, पायात कॅनव्हासचे बूट, केस पेनने वर बांधलेले. त्यांच्या विषयाचे नाव त्यांनी सांगितले ते असे: स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरचे रेण्वीय जीवशास्त्र. मी तो शब्दसमूह मनात दोनदा म्हटला. भारदस्त वाटला. म्हणजे काय, असे विचारणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी विचारले, "मॅडम, आपण मूळच्या कुठल्या?"

"वारज्याची."

"तसं नव्हे. मूळच्या?"

"मूळचीही वारज्याचीच. डोंगराकडच्या बाजूची. घर क्रमांक सांगू?"

मी विषय बदलला.

त्यांनी जे सांगितले ते मी येथे माझ्या समजुतीप्रमाणे मांडतो. गाठीच्या पेशींमध्ये बिघाड सापडणे हे अपेक्षितच असते, त्यात नवल नाही. परंतु माझ्या बहिणीच्या गाठीत सापडलेला एक बिघाड तिच्या रक्तातही सापडला. संशोधनातल्या निकालावर विसंबायचे नसते, म्हणून दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तो पुन्हा तपासून घेतला, तर तेथेही तोच. रक्तात आहे म्हणजे तो जन्मापासूनचा आहे. आईकडून आलेला किंवा वडिलांकडून.

"बिघाड म्हणजे कसला?" मी विचारले.

"दोन अक्षरं गळलीयेत."

माझा चेहरा पाहून त्यांनी एक कोरा कागद ओढला. त्यावर लिहिले: कमलगवतनगरसडक. "काका, पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. मधे जागा नसते. वाचा."

"कमल, गवत, नगर, सडक."

त्यांनी 'ग' आणि 'व' खोडले. "आता वाचा. तीन-तीननंच."

"कमल," मी वाचले, "तनग. रसड. क."

"बस. एवढंच झालंय. पुढचं सगळं वाचन सरकलं."

एका गट क्रमांकातला एक आकडा चुकला म्हणून माणसाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढलेली मी पाहिली आहे. त्यामुळे दोन अक्षरांनी काय होते हे मला पटवून द्यावे लागले नाही. मी दचकलो ते वेगळ्या कारणाने. इतका मोठा रोग, इतके मोठे ऑपरेशन, बहिणीचे केस जाणे, आणि मुळाशी दोन अक्षरे. मी म्हणालो, "मग ती परत घालायची."

"ते येत नाही अजून आम्हाला," त्या म्हणाल्या. हा 'अजून' त्यांनी फार साधेपणाने उच्चारला.

पुढे त्यांनी सांगितले की, ज्या भागात ही अक्षरे गळली तो भाग एरवी पेशीतली मोडतोड दुरुस्त करण्याचे काम करतो. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची.

"म्हणजे एक प्रत खराब असली तरी दुसरीवर काम भागतं," मी म्हणालो. प्रतींचे मला कळते.

"भागतं. एखाद्या पेशीत ती दुसरीही हरवेपर्यंत." मग त्यांनी विचारले, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी. नोकरी करते, संगणकात. तिचं लग्न ठरत आलंय."

"मग तुमचं रक्त तपासायला हवं."

"माझं?" मी म्हणालो. "मॅडम, रोग बायकांचा आहे ना?"

"हा रोग बायकांचा. मजकूर दोघांचा. पुरुषालाही त्यातून काही कॅन्सर होऊ शकतात. पण ते जरा बाजूला ठेवू. तुमच्या बहिणीत जे आलं ते तुमच्यात येण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात असेल तर तुमच्या मुलीत जाण्याची शक्यता पुन्हा निम्मी. तुम्हाला आयुष्यभर काही झालं नाही तरी तिला होऊ शकतं."

बहीण लग्न होऊन दुसऱ्या घरची झाली, तिचा आजार त्या घराबरोबर गेला, अशी माझी समजूत होती. मुलीकडून काही घराण्यात परत येते हे मला मान्य नव्हते. आणि ते माझ्यातून, एका पुरुषातून, गुपचूप पुढे जाते हे तर माझ्या कानांनी ऐकूनही मला ऐकल्यासारखे वाटेना.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"सांगा. तोवर एक काम कराल? मला तुमच्या घराण्याची वंशावळ हवीय."

येथे माझ्या जिवात जीव आला. हे काम मला येत होते. शिवाय मनात असे आले की, आमच्या घराण्यात असले काही नव्हते हे एकदा कागदावर सिद्ध झाले की रक्त देण्याचा प्रश्नच निकाली निघेल आणि माझी मुलगी सुटेल.

मी मोठ्या आकाराचा जाड कागद आणला. मूळ पुरुषापासून आरंभ केला. आमची मांजरी गावची जमीन पिढ्यान् पिढ्या कोणाकडून कोणाकडे आली ते फेरफारांवरून पडताळले. रेघा पट्टीने ओढल्या, नावे वळणदार अक्षरात लिहिली, मयतांपुढे 'मयत' असे लिहिले. मुलीने मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, हे फ्रेम करायचंय का?"

तिला मी फक्त आत्याच्या उपचारांसाठी लागते आहे एवढेच सांगितले होते.

बाईंनी तो कागद टेबलावर पसरला. बराच वेळ पाहिला. मी स्तुतीची वाट पाहत होतो.

"काका, यात बायका कुठायत?"

"बहिणीचं नाव आहे ना. खाली. हक्कसोड केल्याची नोंदही घातलीय."

"त्याआधीच्या?"

मला त्यांना नीट समजावून सांगावे लागले. वंशावळीत कोण मेले याला महत्त्व नसते, मागे कोण उरले याला असते. वारस ठरवणे हा तिचा उद्देश. जे माणूस अपत्यावाचून गेले त्याची रेघ तिथेच संपते, म्हणून कागद आटोपशीर राहावा यासाठी आम्ही ती ओढत नाही. पूर्वीच्या मुली सासरी गेल्या, त्यांची नावे त्या काळी लावत नसत. ही रीत माझी नव्हे, सर्वांचीच आहे.

"म्हणजे ज्या माणसांमुळे पुढे काही वाद होणार नाही, ती माणसं यात नाहीत," त्या म्हणाल्या.

"असं म्हणता येईल."

"मला नेमकी तीच हवीयेत."

त्यांनी माझा कागद उलटा केला. इतक्या मेहनतीचा कागद कोणी माझ्यादेखत उलटा केला नव्हता. कोऱ्या बाजूवर त्या भराभर आकृत्या काढू लागल्या. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. मेलेल्या माणसावर तिरकी रेघ. ज्याला कॅन्सर झाला तो आकार काळा भरायचा. माझी बहीण एक काळा गोल झाली. मी तिच्याशेजारी पोकळ चौकोन. माझ्याखाली एक लहान पोकळ गोल. त्या गोलात माझ्या मुलीचे काहीही नव्हते, तरी ती तीच होती.

"आजी कशानं गेल्या?"

"म्हातारपणानं."

"वडिलांना बहिणी?"

"दोन. धाकटी सासवडकडे दिली होती, पुष्कळ वयाची होऊन गेली."

"आणि थोरली?"

"ती मोजत नाहीत."

त्यांनी पेन थांबवले. "कोण मोजत नाही?"

ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते, कारण लहानपणापासून तसेच ऐकले होते. मी म्हणालो, "लवकर विधवा झाली. माहेरी राहायची. मूलबाळ नव्हतं. मी लहान असतानाच वारली."

"कशानं?"

"कल्पना नाही."

"पोट फुगलं होतं का त्यांचं? पोटात पाणी होतं या आजारात. थोडं खाल्लं तरी पोट गच्च झाल्यासारखं वाटतं. विचारा कुणाला तरी. जुनं माणूस असेल ना एखादं."

जुने माणूस एकच उरले होते, माझी चुलती. मांजरीला राहते. तिच्या दारासमोर आता उंच इमारती झाल्या आहेत आणि मागे उसाची एक अरुंद पट्टी तेवढी उरली आहे. मी गेलो तेव्हा ती ओट्यावर घेवडा निवडत बसली होती.

"काकी, थोरली आत्या कशानं गेली गं?"

तिने शेंग मोडायची थांबवली नाही. "आज बरी याद झाली. एवढ्या मोठ्या गावाचं वारस लिवतोस, तिचं कुनी लिवलं न्हाई."

"दवाखान्यात विचारतायत. माझ्या बहिणीच्या आजारासाठी."

"तिला काय झालंय?"

मी सांगितले. पोटात गाठ, पोटात पाणी. चुलतीचे हात मांडीवर पडले. ती माझ्याकडे अशी पाहू लागली की, मलाच मागे सरावेसे वाटले.

"पानी?" ती म्हणाली. "पोटात पानी व्हतंय?"

"हो."

"आन प्वाट वाढतंय?"

"हो."

"आरं देवा," ती म्हणाली. मग जे बोलली ते खाली मान घालून, घेवड्याला सांगितल्यासारखे.

"तिचं प्वाट वाढाया लागलं. इधवा बाई, म्हायेरात ऱ्हायलेली. मंग लोकास्नी निराळं काय सांगाया लागतंय? मामंजींनी तिला घरातनं काढली. तिकडं गुऱ्हाळाच्या खोपीत ठिवली. तोंड कुनाला दाखवायचं न्हाई. भाकर मी न्यायची, अंधार पडल्याव. अर्धी खायाची न् म्हनायची, भरलं गं वयनी प्वाट. मला वाटायचं, दिस गेल्यात, मंग खाईना का ही बया?"

"मग?"

"मंग काय. दिस भरलं. त्याच्या बी वर गेलं. पोर काय व्हईना. प्वाट वाढतंय, हातपाय काटकी, न् पोर न्हाई. मामंजी म्हनायचं, पाप हाय, निघंना व्हय लवकर. तुजा बा बी तितं असायचा. कुनी म्हनलं न्हाई का, बाबा, एवढ्या दिसाचं कुनाचं पोर असतंय?"

"तुला कळलं नाही?"

"मला?" तिने वर पाहिले. "मला कळलं की. मी सून व्हते, बाबा. कुनापुढं बोलू? ती मला पोराची शपत घालायची. वयनी, तुज्या लेकराची आन, माझ्या अंगाला कुनी हात लावला न्हाई. मी म्हनायची, खा गं बाई भाकर."

"आणि गेली तेव्हा?"

"तसंच प्वाट घिऊन गेली. खोपीतनंच नेली. घरावरनं सुदिक नेली न्हाई."

मी ओट्यावरून उठलो आणि पुन्हा बसलो. मला थोरल्या आत्याची एकच आठवण आहे. ती घरात होती त्या शेवटच्या दिवसांत आपल्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी मला द्यायची, आणि ती माझ्यावरच्या मायेने देते असे मी समजत होतो. आमचे घराणे अब्रूचे, असे मी माझ्या टेबलावर बसून अनोळखी पक्षकारांनाही सांगत आलो आहे. त्या अब्रूसाठी एका आजारी बाईला उसाच्या चिपाडांजवळ ठेवून, तिला कधीच न होणाऱ्या पोराची वाट पाहिली गेली, हे मला त्या दुपारी समजले. पाहणाऱ्यांत माझे आजोबा होते, माझे वडील होते. मांजरीहून परत येताना स्वारगेटला मी चुकीच्या बसमध्ये बसलो आणि कंडक्टरने खाली उतरवले तेव्हा त्याला काय उत्तर दिले ते मला आठवत नाही.

बाईंना मी सगळे सांगितले. चुलतीचे शेवटचे वाक्य सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उलट्या कागदावर आत्याचा गोल काढला, त्यावर तिरकी रेघ ओढली, आणि आत प्रश्नचिन्ह घातले.

"काळा करा," मी म्हणालो.

"नाही करता येत, काका. चित्र जुळतं. फार जुळतं. पण तपासणी नाही, नमुना नाही. दुसऱ्या कशानंही पोटात पाणी होतं."

"मी प्रतिज्ञापत्र करून देतो. चुलतीचा जबाब घेतो."

"प्रतिज्ञापत्रानं गाठ सिद्ध होत नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्हाला तिच्यावरचा तो दुसरा शेरा पुसायचाय ना? तेवढ्याला हे प्रश्नचिन्हही पुरतं की."

मी कागदाकडे पाहत होतो. आत्याच्या गोलाला आणि बहिणीच्या गोलाला जोडणारी रेघ एकाच आकारातून जात होती. वडिलांच्या चौकोनातून. आत्याला खरोखरच हा आजार असेल, तर तो वडिलांच्या अंगातून, तालेवार, फेटा बांधणाऱ्या, घराण्याची अब्रू सांभाळणाऱ्या त्या माणसाच्या अंगातून निमूटपणे बहिणीपर्यंत आला होता. ते खोपीच्या दाराशी उभे असतानाही तो त्यांच्यात होता. आणि त्यांच्या चौकोनाखाली शेजारी माझा.

मी बाही वर केली. "रक्त घ्या."

निकाल यायचा होता तेवढ्या दिवसांत मुलाकडची मंडळी एकदा घरी येऊन गेली. मुलाची आई आमच्या घराण्याबद्दल फार आदराने बोलली. पत्नी आतून पोहे आणत होती. मी मुलीकडे पाहत होतो. ती हसत होती, मुलाला काहीतरी फोनवर दाखवत होती. निम्मी शक्यता, आणि तिची पुन्हा निम्मी. मी हिशेबात पक्का समजतो स्वतःला, पण त्या दिवशी तो हिशेब प्रत्येक वेळी वेगळा येत होता.

निकाल आला. माझ्यात होता. तीच दोन अक्षरे, त्याच जागी.

मी बाईंना विचारले, "याच्यावर अपील कुठे करायचं?"

मी चेष्टा करत नव्हतो. तोंडातून जे निघाले ते निघाले. त्याही हसल्या नाहीत. "अपील नाही, काका. तपासण्या आहेत. तुमच्यासाठीही आहेत, त्या मी लिहून देणार आहे. आणि मुलीला सांगायला हवं."

"तिला कळवण्याचं कारण नाही. लग्न होऊन जाऊ दे. मी तिचा बाप आहे."

"सज्ञान आहे ना ती?"

हा शब्द माझा होता. 'सज्ञान' हा शब्द मी रोज लिहितो. अर्जदार सज्ञान असून स्वतःच्या मर्जीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला.

बहिणीला आधी सांगितले. तिच्या केमोचा मधला आठवडा होता, तोंडाला चव नव्हती, डोक्याला रुमाल. ऐकून ती भिंतीकडे वळली. मग म्हणाली, "दादा, जमिनीत वाटा मागितला नाही मी कधी. हा मात्र आपल्या दोघांना सारखा वाटून मिळाला." हसायचा तिचा प्रयत्न खोकल्यात गेला. "पोरीला आजच सांग. मला कुणी सांगितलं असतं तर मी पोट फुगायची वाट पाहिली नसती."

घरी मी मुलीला समोर बसवले. काय बोलायचे ते मी येताना मनात जुळवून ठेवले होते. "उपरोक्त परिस्थिती लक्षात घेता" असे माझ्या तोंडून निघाले तेव्हा तिने हात वर केला.

"बाबा, तुम्ही मला सांगताय की नोटीस देताय?"

मग मी साधे सांगितले. दोन अक्षरे, मी, तिची आत्या, माझी थोरली आत्या. पत्नी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अहो, मुलाकडच्यांना आता काय सांगायचं?" मुलीने आईकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. पण पहिला प्रश्न तिने स्वतःबद्दल विचारला नाही.

"त्या खोपीत त्या एकट्या होत्या?"

"हो."

"आणि तुम्हाला हे आत्ता कळलं?"

"आत्ता."

ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतले. दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली आणि तपासणीसाठी स्वतः वेळ घेतली.

तिच्या निकालाच्या दिवशी मी बरोबर गेलो. बाईंच्या खोलीच्या दाराशी मी सवयीने पुढे झालो, कारण कोणत्याही कार्यालयात घरच्या माणसाच्या वतीने बोलायचे ते मीच. बाई म्हणाल्या, "काका, आपण बाहेर थांबा. निकाल तिचा आहे." मुलीनेही मान हलवली. दार बंद झाले.

बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी एक बाई आपल्या सुनेला पेरू कापून देत होती. तिने मलाही एक फोड दिली आणि ती माझ्या हातात तशीच राहिली. आतून बोलणे ऐकू येत नव्हते. एकदा मुलीचा आवाज चढला, मग पुन्हा शांत झाला. मला वाटले, हसली. मला वाटले, रडली. दोन्हींतले काय होते ते आजही मला माहीत नाही.

ती बाहेर आली. नळाशी जाऊन पाणी प्यायली. तोंड पुसले.

"आहे," ती म्हणाली.

"काय आहे?" मी विचारले. मला कळले होते, तरी विचारले.

"तुमच्यात आहे तेच, बाबा."

मी तिचा हात धरला. मी म्हणालो, "माझ्यामुळे."

"तुम्ही काय मुद्दाम दिलंत का?" ती चिडून म्हणाली. मग तिने आवाज खाली घेतला. "ऐका. आत्ता मला कॅन्सर नाहीये. धोका जास्त आहे, एवढंच. नियमित तपासणी करायची. मूल हवं असेल तर त्याचा विचार आधी करायचा, आणि पुढे योग्य वयात अंडाशय काढून टाकायचं. त्या म्हणाल्या, तुला ठरवायला वेळ आहे."

हे सर्व ती मला रुग्णालयाच्या मोकळ्या बोळात, माणसे जात-येत असताना, पूर्ण आवाजात सांगत होती. 'अंडाशय' हा शब्द तिने दोन पुरुष शेजारून जात असताना उच्चारला आणि त्यांच्यातला एकही थांबला नाही. मी मात्र इकडेतिकडे पाहिले.

मग तिने फोन काढला.

"कुणाला?"

"त्याला. मुलाला."

"आत्ता? इथून? आधी मी त्याच्या वडिलांना भेटतो. नीट शब्दांत सांगावं लागेल. मसुदा..."

"बाबा."

ती खिडकीपाशी जाऊन बोलू लागली. मला पाठ दिसत होती. ती फार थोडे बोलली आणि पुष्कळ ऐकले. एकदा मान हलवली. फोन बंद करून आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, पण खालचा ओठ दाताखाली धरलेला होता, लहानपणी पडल्यावर धरायची तसा.

"काय म्हणाला?"

"विचार करून सांगतो म्हणाला."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, ठीक आहे, मीही विचार करून सांगते."

ती पुढच्या तपासणीची तारीख घ्यायला नोंदणीच्या खिडकीकडे निघाली. मी मागोमाग उठलो तेव्हा तिने वळून हातानेच मला थांबवले. "तुम्ही बसा. माझं मी बघते."

मी बसलो. शेजारच्या बाईने दिलेली पेरूची फोड अजून हातात होती; ती मी खाऊ लागलो.